मटार सोलण्याचा अभ्यासक्रम

गेल्या डिसेंबरात आमच्या कंपनीच्या सीएसआरवाल्यांनी आम्हा बारा जणांना एका शनिवारी पुण्याबाहेरच्या वृद्धाश्रमात नेलं. सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट, प्रत्येकाच्या वाट्याला दोन ज्येष्ठ नागरिक आणि विषय 'मोबाइलवरून पैसे कसे पाठवावेत'. माझ्या वाट्याचे एक आजोबा भिंतीला टेकून बसले होते. मी त्यांच्या कानाजवळ तोंड नेलं आणि बालवाडीतल्या बाई बोलतात तसा, एकेक शब्द तोडत, मोठ्या आवाजात सुरू झालो. त्यांनी तीन-चार वाक्यं ऐकून घेतली. मग म्हणाले, "बाळा, हळू बोल. मी बहिरा नाहीये. कंटाळलोय फक्त."

नंतर कळलं की ते टेलिफोन खात्यात होते, तीस वर्षं एक्स्चेंजवर. "क्रॉसबार माहितीये का तुला?" त्यांनी विचारलं. मला माहीत नव्हतं. मी पाच वर्षं टेलिकॉम कंपन्यांच्या बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहितोय, आणि एक फोन दुसऱ्या फोनला जोडण्यासाठी एकेकाळी खोलीभर यंत्रं खडखडत असत, हे मला त्या दिवशी एका 'लाभार्थ्या'कडून कळलं. आमच्या फॉर्ममध्ये त्यांच्यासाठी हाच शब्द होता.

त्याच व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला एक मुलगी एका आजींबरोबर मटार सोलत बसली होती. टी-शर्ट नाही, हातात फॉर्म नाही. मला वाटलं, आजींची नात असेल. चहाच्या वेळी विचारलं तर म्हणाली, "मी एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फील्डवर्क चालू आहे."

"मग मटार?"

"त्यांना आज मटार सोलायचे होते."

आठवड्यातले दोन दिवस ती तिथे यायची. संध्याकाळी घरी जाऊन झालेलं सगळं संभाषण आठवून लिहायचं, त्या काय म्हणाल्या, आपण काय म्हणालो आणि त्या क्षणी आपल्याला काय वाटलं. याला ते लोक 'रेकॉर्डिंग' म्हणतात. मी वही बघायला मागितली तर तिने सरळ नाही म्हटलं. "त्यात आजींचं आहे, माझं नाही." पण सुपरवायझर मॅडमनी समासात लाल पेनाने लिहिलेलं एक वाक्य तिने सांगितलं. आदल्या आठवड्यात त्या आजी म्हणाल्या होत्या, "आता किती दिवस राहिलेत कोण जाणे," आणि हिने पटकन विचारलं होतं, "चहा घेणार का?" मॅडमनी त्या ओळीखाली रेघ मारून लिहिलं होतं: विषय का बदललास? कुणाला भीती वाटली?

परतीच्या बसमध्ये मला हे वाक्य सोडेना. मी दर रविवारी गावी आजीला फोन करतो. कॉल लॉग उघडून बघितला. चार मिनिटं, साडेतीन, चार, पाच. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, पाय दुखतोय का, बरं ठेवतो. एपीआयची हेल्थ चेक असते ना, तसं. सर्व्हर जिवंत आहे, पुढे चला.

लाल पेनाने हा प्रश्न विचारायला लोक कधी शिकले, हे मी मग शोधत बसलो. मी इतिहासाचा माणूस नाही. पण कोड कुणी, कधी आणि कशासाठी लिहिला हे बघायची सवय आहे, ती इथे कामाला आली.

सुरुवात न्यू यॉर्कपासून करावी लागते. 1898 साली तिथे सहा आठवड्यांचा एक उन्हाळी वर्ग भरला. गरिबांच्या घरी मदत घेऊन जाणाऱ्यांनी हे काम नुसत्या चांगुलपणावर करू नये, शिकून करावं, अशी त्यामागची कल्पना. याच वर्गाची पुढे कोलंबिया विद्यापीठाची समाजकार्य शाळा झाली. असं शिक्षण हवं, असं आदल्याच वर्षी जाहीरपणे मांडणाऱ्या बाई म्हणजे मेरी रिचमंड. लहानपणीच आई गेली, बाल्टिमोरमध्ये आजीने आणि मावश्यांनी वाढवलं. 1917 साली त्यांनी 'सोशल डायग्नोसिस' नावाचं जाडजूड पुस्तक लिहिलं. माणसाची परिस्थिती कशी समजून घ्यायची, कुणाला भेटायचं, काय विचारायचं, पुरावा कसा तपासायचा, हे सगळं त्यात पद्धतशीर आहे. केसवर्क नावाचं शास्त्र या पुस्तकावर उभं राहिलं असं म्हणायला हरकत नाही.

त्याच्या शेवटच्या भागात वेगवेगळ्या माणसांसाठी वेगवेगळी प्रकरणं आहेत. स्थलांतरित कुटुंब, नवऱ्याने टाकलेली बाई, विधवा, दुर्लक्षित मूल, अविवाहित आई, अंध, बेघर पुरुष, दारुडा, मनोरुग्ण. म्हातारा माणूस त्या यादीत नाही. आजीने वाढवलेल्या बाईच्या पुस्तकात आजीसाठी प्रकरण नाही!

रिचमंडबाईंना दोष देण्यात अर्थ नाही. त्या काळात समाजकार्याला अशी माणसं हवी होती, ज्यांच्यात 'सुधारणा' दाखवता येईल. मूल शाळेत जाऊ लागलं, दारू सुटली, बाईला काम मिळालं, की केस बंद. म्हातारपणाची केस बंद कशी करणार? ती एकाच प्रकारे बंद होते. त्यामुळे म्हाताऱ्यांसाठी संस्था होत्या, प्रशिक्षण नव्हतं. अमेरिकेत सरकारी अनाथगृहवजा आल्म्सहाऊस होती. आपल्या पुण्यातली 'निवारा' तर डेव्हिड ससून यांच्या देणगीतून 1860च्या दशकातली, म्हणजे समाजकार्याच्या कुठल्याही शाळेहून जुनी. छप्पर आधी आलं, त्या छपराखाली बसून बोलायचं काय, हे फार उशिरा.

आता मुंबईत येऊ, कारण हीच गोष्ट आपल्याकडे जशीच्या तशी घडली आणि तिचा धागाही अमेरिकेतून आला. क्लिफर्ड मॅन्शार्ट नावाचे शिकागोत शिकलेले एक गृहस्थ अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईत आले आणि 1920च्या दशकात त्यांनी नागपाड्यात 'नेबरहुड हाऊस' चालवायला घेतलं. कामाठीपुरा शेजारी, गिरण्यांचे भोंगे कानावर, दाटीवाटीच्या चाळी. शिकागोच्या हल हाऊससारखंच हे, वस्तीत राहून वस्तीसाठी काम करायचं. 1932 साली दोराबजी टाटांच्या नावाचा ट्रस्ट झाला, त्याच वर्षी ते गेले, आणि त्या ट्रस्टला मॅन्शार्टनी सुचवलं की दान वाटायचं तर वाटणारे हातही शिकलेले हवेत. 1936च्या जूनमध्ये 'सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क' नागपाड्यातच सुरू झालं. पहिल्या तुकडीत वीस विद्यार्थी, अभ्यासक्रम दोन वर्षांचा. भारतातली ही समाजकार्याची पहिली शाळा. 1944 साली तिचं नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, म्हणजे टिस, झालं आणि 1954 साली ती देवनारला गेली.

या शाळेने पुढच्या वर्षांत काय काय हाती घेतलं ते बघण्यासारखं आहे. 1937 साली मुलांसाठी चाइल्ड गाइडन्स क्लिनिक. 1946 साली जे. जे. रुग्णालयात देशातली पहिली वैद्यकीय समाजसेविकेची नेमणूक झाली. 1948च्या कारखाना कायद्याने पाचशे किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणं सक्तीचं केलं, आणि समाजकार्य शिकलेल्यांना पक्क्या नोकरीची एक वाट उघडली. मूल, रुग्ण, कामगार, गुन्हेगार. प्रत्येकाचा पेपर झाला. म्हातारा पुन्हा यादीत नाही.

यामागचं एक कारण आकड्यात आहे. 1930च्या दशकात भारतातलं सरासरी आयुर्मान तिशीच्या आसपास होतं. (हा आकडा वाचून 'तेव्हा लोक तिशीत मरायचे' असं समजू नका. बालमृत्यू इतके होते की सरासरी खाली ओढली जायची. जो वाचला तो सत्तरीही गाठायचा.) 1961च्या जनगणनेत साठीपुढची माणसं अडीच कोटींच्या आसपास होती. 2011 साली ती 10 कोटी 38 लाख होती. दुसरं कारण आकड्यात नाही. म्हाताऱ्यांची जबाबदारी घराची, त्यात शिकायचं काय, असं सगळ्यांनीच धरून चाललं होतं. मीही धरून चाललो होतो. माझ्या आजीचं सगळं आई बघते, हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा बोललोय.

गोष्ट पालटली ती एका मनोविकारतज्ज्ञामुळे. रॉबर्ट बटलर हे न्यू जर्सीतल्या व्हाइनलँडजवळ एका कोंबडीफार्मवर आजी-आजोबांच्या हाताखाली वाढले. बटलर सात वर्षांचे असताना आजोबा गेले. पुढे डॉक्टर झाल्यावर वैद्यकीय शिक्षणात म्हाताऱ्यांविषयी जे बोललं जाई ते आणि त्यांनी घरी पाहिलेलं, यांचा मेळ बसेना. म्हातारी माणसं जुन्या आठवणी उगाळतात हे तेव्हा बुद्धी क्षीण होत चालल्याचं लक्षण मानत. त्यांना वर्तमानात आणा, गाडी वळवा, असा सल्ला असे. 1963 साली बटलरनी एक निबंध लिहून याच्या नेमकं उलट सांगितलं. मरण जवळ आल्याच्या जाणिवेने माणूस आपलं आयुष्य पुन्हा तपासून बघतो, जुनी भांडणं, राहून गेलेलं, केलेलं सगळं समोर मांडतो, आणि ही स्वाभाविक, बहुतेकदा हिताची गोष्ट आहे. याला त्यांनी 'लाइफ रिव्ह्यू' म्हटलं.

मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातला हाच खरा कमिट. कारण याने ऐकणं हे काम झालं. तोवर समाजसेवक म्हाताऱ्याकडे जायचा तो पेन्शन, औषध, जागा यांच्यासाठी. मधेच आजोबा 1942च्या गोष्टी सांगू लागले तर तो वेळेचा अपव्यय. आता तो वेळ अभ्यासक्रमात घेता येणार होता. "चहा घेणार का?"खाली लाल रेघ मारण्याचा अधिकार इथून आला.

बटलरनीच 1960च्या दशकाच्या अखेरीला 'एजिझम' हा शब्द घडवला. वॉशिंग्टनजवळच्या त्यांच्या सुखवस्तू भागात गरीब म्हाताऱ्यांसाठी घरं होणार होती आणि शेजारी चवताळले होते. कार्ल बर्नस्टीन नावाचा तरुण बातमीदार (पुढे वॉटरगेटवाला, तोच) त्यांच्याशी बोलायला आला, तेव्हा वंशद्वेषासारखाच हा वयद्वेष आहे असं ते म्हणाले. त्यांच्या पुस्तकाला 1976 साली पुलित्झर मिळालं. आपल्यासाठी जवळची गोष्ट म्हणजे, त्यांनी पुढे दीर्घायुष्याच्या अभ्यासासाठी न्यू यॉर्कमध्ये सुरू केलेल्या केंद्राच्या जाळ्यातलं भारतातलं केंद्र 2003 साली निघालं ते पुण्यात.

वयद्वेषाला नाव मिळाल्यावर शिक्षकांपुढे प्रश्न आला की तो विद्यार्थ्याच्या डोक्यातून काढायचा कसा. 1977 साली अर्डमन पामोर या समाजशास्त्रज्ञाने 25 विधानांची 'चूक की बरोबर' चाचणी तयार केली. बहुसंख्य म्हातारे भ्रमिष्ट असतात का, दहातला एक तरी कायम संस्थेत राहतो का, असल्या गोष्टी. (दोन्ही चूक.) चाचणी वर्गावर्गांत वापरली गेली, पण ती डोकं तपासते. माझ्या आवाजात त्या दिवशी जो बालवाडीचा सूर आला, तो या चाचणीत पकडला गेला नसता. मी 25 पैकी 20 तरी मिळवले असते.

मग शरीरातून शिकवायचे प्रयोग. पॅट्रिशिया मूर ही 26 वर्षांची डिझाइनर 1979 ते 1982 अशी तीन वर्षं ऐंशीपुढच्या बाईच्या वेषात अमेरिका आणि कॅनडात फिरली. धूसर चष्मा, कानात बोळे, हातपाय बांधून जखडलेले. एकदा पोरांच्या टोळीने तिला बेदम मारलं. त्यावर तिने लिहिलेलं पुस्तक गाजलं. वर्गांतही कानात कापूस, चष्म्याला व्हॅसलिन, बुटात दाणे घालून चालायचे तास असतात. मला यात थोडी शंका आहे. मूरने तीन वर्षं दिली. अर्ध्या तासाच्या तालमीतून येते ती बहुधा भीती, आणि भीती वाटली की माणूस चहाचं विचारतो. आमच्या टेलिफोनवाल्या आजोबांचा प्रश्न कानाचा नव्हताच.

सगळ्यात साधा आणि मला सगळ्यात पटलेला बदल 1998नंतरचा. जॉन हार्टफर्ड फाउंडेशनने (किराणा दुकानांच्या एका प्रचंड साखळीतून आलेला पैसा) अमेरिकेतल्या समाजकार्याच्या शाळांना या विषयासाठी निधी द्यायला सुरुवात केली. तोवर एमएसडब्ल्यूला वृद्धांबरोबरचं काम हा विषय निवडणारे शेकड्यात अगदी मोजके होते. मुलं म्हणायची, तिथे उदास वाटतं. या लोकांच्या लक्षात आलं की उदास वाटणारच, कारण विद्यार्थ्याला वर्षभर एकाच जागी, बहुतेक वेळा नर्सिंग होममध्ये, टाकलं जात होतं. त्याला वृद्धत्व म्हणजे तेवढंच दिसायचं. मग त्यांनी फील्डवर्क फिरतं केलं. एकाच वर्षात विद्यार्थी धडधाकट ज्येष्ठांच्या क्लबात जाईल, घरी एकट्या राहणाऱ्यांना भेटेल, दवाखान्यात आणि मरणासन्न रुग्णांच्या केंद्रातही जाईल. टेस्टिंगवाल्यांना हे लगेच कळेल. सगळे बग एकाच मशीनवर बघितले तर प्रॉडक्टच वाईट वाटतं.

मटार सोलणाऱ्या मुलीचंही असंच झालं होतं. आदल्या सत्रात ती एका विरंगुळा केंद्रात होती. तिथे पंचाहत्तरीच्या बायकांनी तिला कॅरममध्ये लागोपाठ हरवलं, रिक्षाचं भाडं कुणी द्यायचं यावरून दोन गटांत भांडण लागलं ते तिला मिटवता आलं नाही आणि एका काकांनी तिच्या अहवालातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढल्या. "आधी तिथे गेले म्हणून बरं," ती म्हणाली. "नाहीतर मला वाटलं असतं, म्हातारी माणसं म्हणजे खाटेवरची माणसं."

भारतात हा विषय अभ्यासक्रमात आला तो कायद्यांच्या मागून. 1999 साली ज्येष्ठांविषयीचं राष्ट्रीय धोरण आलं. 2007 साली आई-वडिलांच्या पालनपोषणाचा कायदा आला आणि मुलांकडून निर्वाहखर्च मागण्यासाठी प्रांताधिकाऱ्याच्या पातळीवरचं न्यायाधिकरण झालं. कायद्याने ठरवलेली कमाल रक्कम महिना दहा हजार. त्या टेबलाच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला मुलगा, आणि मध्ये तडजोड करायला एखादा समाजकार्य शिकलेला माणूस. त्याने काय शिकलेलं असावं? कलमं पाठ असणं सोपं. पण आई दहा हजार मागतेय की मुलाने समोर बसावं म्हणून आलीय, हे ऐकू यायला त्याला कुणीतरी आधी मटार सोलायला बसवलेलं असावं लागतं. 2017-18 साली देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने, म्हणजे टिसच्या शेजाऱ्यांनी, पंचेचाळिशीपुढच्या सुमारे 72 हजार भारतीयांची पाहणी केली. पकडीची ताकद, स्मरणशक्ती, रक्तदाब, सगळं मोजलं. उत्तम काम आहे, मी त्यातले तक्ते रात्री दोनपर्यंत बघत बसलो होतो. माझी प्रकृतीच तक्त्यांची. आजीला मी चार प्रश्न विचारतो तेही तक्ताच असतो.

हा सगळा शोध चालू असताना फेब्रुवारी उजाडला. गावाकडे हळद शिजवायचे दिवस. एका रविवारी फोन लावला आणि ठरवून गोळ्यांचं विचारलं नाही. विचारलं, "आजी, हळद शिजली हे तुला कसं कळायचं गं?"

जरा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाली, "काडी टोचायची. आरपार गेली की झाली." आणि मग कायलीखालचा जाळ, रात्रभरची जाग, वास बदलतो तो क्षण, आजोबा एकदा काडी न टोचता घाईने उतरवून बसले आणि सगळा माल कच्चा राहिला ते, त्यावरून झालेलं भांडण, त्या वर्षी आत्याचं लग्न पुढे ढकलावं लागलं ते. आत्याच्या लग्नाचं मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. बोलता बोलता म्हणाली, "आता त्यांच्याकडंच जायचं, अजून भांडायचं राहिलंय." माझ्या तोंडात 'असं काय बोलतेस' आलं होतं. ते गिळलं आणि विचारलं, "कशावरून भांडणार?" तिने सांगितलं. ते तिचं आहे.

सत्तावीस मिनिटं झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघताना आईचा फोन. आवाज काळजीचा. "काही झालंय का तुला? आजी रात्रभर झोपली नाही. म्हणते, पोरगं आज एवढं निवांत बोलत होतं, त्याची नोकरी गेली का बघ."